फ्रीजचं भाडं

आमची यमूआत्ते दुसऱ्याच्या पिशवीत डोकावते. चोरून नाही, अगदी सरळ. रस्त्यात, एसटीत, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही. समोरच्याच्या पिशवीचं तोंड दोन बोटांनी बाजूला करते, आत बघते आणि विचारते, "कितक्याक?" म्हणजे, केवढ्याला घेतलं?

एकदा कट्टा गावच्या बाजारातून येताना एसटीत तिने एका अनोळखी बाईंच्या पिशवीत असंच पाहिलं. आत फ्लॉवर होता, मटार होते आणि पनीरचं पाकीट होतं.

"घराक कोण येवचा आसा?" आत्तेने विचारलं.

"नाय गो, रोजचाच."

"रोजचा?" आत्तेने छातीवर हात ठेवला. "परसात शेवगो नाय तुमच्या?"

"आसा."

"पालो येता मरे तेका? आणि केळी? मगे ह्या कित्याक घेतलंस?"

बाई उतरल्या तेव्हा त्यांच्या घरचा पुढच्या तीन दिवसांचा स्वयंपाक ठरलेला होता. मी खिडकीबाहेर बघत, आपला हिच्याशी काही संबंध नाही असं दाखवत होते. त्याचा उपयोग झाला नाही. आमचा थांबा आल्यावर आत्तेने माझ्याकडे बोट करून सगळ्या एसटीला सांगितलं, "ह्या माझ्या भावाचा चेडू. इंग्लिश शाळेत शिकला. बोलना नाय."

ते खरं होतं. मी सावंतवाडीला हॉस्टेलवर राहून इंग्रजी शाळेत शिकले. मालवणी मला पूर्ण कळते, पण बोलायला गेले की वाक्य तोंडातच घडी घालून बसतं. आत्तेच्या बाबतीत उलट. तिचं वाक्य आधी बाहेर येतं आणि ती मागून चालत येते.

यमूआत्ते म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, तेव्हा परत आली आणि आमचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. बाबा होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात, म्हणजे पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की बाबांचं कामही बंद. आई अंगणवाडीत जाते. दोन धाकटे भाऊ आहेत, ते सतत भुकेले असतात. एवढ्या सहा माणसांना आत्ते ठरावीक पैशांत जेवू घालते आणि कुणाला ते ठरावीक आहेत हे ताटात कळू देत नाही. शेजारणी विचारतात, कसं जमतं? तिचं उत्तर एकच. "पोट भराक पैशे लागनत नाय गो, पाय लागतत."

पाय तर तिचे थांबतच नाहीत. मीठ संपलं म्हणून ती वाण्याकडे जाते आणि केळफूल घेऊन परसातून येते. मधल्या वेळात ती कुठे होती हे कोणी सांगू शकत नाही. जेवतेसुद्धा उभ्याने, ओट्याला टेकून, एक डोळा कढईवर ठेवून. आई म्हणते, "वन्सं, बसा हो जरा." "बसलंय मगे," असं म्हणत ती पुढच्या दारातून बाहेर गेलेली असते.

नारळ फोडला की पाणी धाकट्या भावाला. एक कवड माशांच्या कढीला, दुसऱ्याचा रस सोलकढीला, रस काढून उरलेला चोथा लसूण घालून चटणीला. करवंटी चुलीत. "नारळाचा काय फुकट गेला?" असं ती आम्हाला परीक्षेसारखं विचारायची. उत्तर होतं, फोडतानाचा आवाज. तोही नाही म्हणायची ती, कारण त्या आवाजाने भाऊ आंघोळीहून लवकर बाहेर येतात.

बांगड्याचं तिचं वाटप मला अजून पूर्ण समजलेलं नाही. डोकी कढीत, मधले तुकडे तळायला. डोकं बाबांना, कारण त्यांना चोखायला वेळ असतो. शेपटीकडचं आईला, कारण तिला घाई असते. मला मात्र कायम मधला तुकडा. हॉस्टेलवरून पहिल्यांदा सुट्टीला आले तेव्हा बांगड्याचा डोळा बघून मी ताटावरून उठले होते म्हणे. त्याला चौदा वर्षं झाली. मी आता डोकी खाऊ शकते. पण हे तिला सांगायचं राहूनच गेलं आहे.

आता तिची सगळ्यात मोठी युक्ती सांगते. ती म्हणजे गुरुवारचे बांगडे.

आमच्याकडे बाबांचा गुरुवार कडक. त्या दिवशी मासा शिजणं तर सोडाच, उंबऱ्याच्या आतही येत नाही. फ्रीजमध्ये तर नाहीच, कारण तिथे नैवेद्याचं दूध असतं. गावातल्या बऱ्याच घरी असंच. त्यामुळे गुरुवारी बंदरावर गिऱ्हाईक कमी आणि मासे स्वस्त. इतरांना हा नियम वाटतो, आत्तेला संधी वाटली. ती गुरुवारीच बांगडे घ्यायची आणि घरी न आणता मागच्या गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, फिलूबायकडे न्यायची.

फिलूबाय म्हणजे फिलोमिना, आमची मागची शेजारीण. आत्तेच्याच वयाची, ख्रिस्ती. नवरा गेलेला, एक मुलगा बोटीवर, एक कॅनडात. तिच्या घरात गुरुवारची अडचण नव्हती आणि फ्रीज मोठा होता. बांगडे तिच्या परसात साफ व्हायचे, मीठ-हळद लावून तिच्या फ्रीजमध्ये रात्र काढायचे आणि शुक्रवारी सकाळी गडग्यावरून आमच्याकडे यायचे. त्यातले दोन बांगडे फिलूबायला. आत्ते त्याला 'फ्रीजचं भाडं' म्हणायची. वर्षानुवर्षं हा करार चालू होता. शुक्रवारी बाबा पोटभर जेवायचे आणि बांगडे कुठे झोपून आले हे विचारायचे नाहीत.

माझी चूक अशी की मला वाटलं, आत्तेला त्रास होतो.

तिचा गुडघा दुखायला लागला होता. गडगा ओलांडताना ती एक हात कमरेवर ठेवायची. मी तेव्हा एका होमस्टेच्या बुकिंगचं काम करायला लागले होते. तिथल्या मालकांनी खोल्यांमधले छोटे फ्रीज काढून टाकले, त्यातला एक मी स्वस्तात घेतला. पडवीत ठेवला, म्हणजे उंबऱ्याबाहेर. बाबांना विचारलं, त्यांची हरकत नव्हती. गुरुवारचे बांगडे आता तिथेच राहतील, गडगा चढायला नको. मी कुणाला काही आणून द्यायची पहिलीच वेळ होती. मला भाषण करता येत नाही, म्हणून दार उघडून फक्त आतला दिवा दाखवला.

आत्तेने आत बघितलं. सवयीने विचारलं, "कितक्याक?" मी आकडा सांगितला. तिने कौतुक केलं, पाठीवर हात फिरवला. मग म्हणाली, "लहान आसा पण, नाय?"

पहिल्या गुरुवारी बांगडे पडवीतल्या फ्रीजमध्ये गेले. ते साफ करायला तिला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्यानंतर ती घरभर फिरत राहिली. डबे उतरवले, पुसले, परत चढवले. तांदूळ निवडले, जे आदल्या दिवशी निवडून झाले होते. चार वेळा मागच्या दारी जाऊन आली.

"काय झालं?" मी विचारलं.

"फ्रीज आवाज करता तुझो."

दुसऱ्या गुरुवारी फ्रीज वीज खात होता. तिसऱ्या गुरुवारी बांगड्यांना त्याचा वास लागला होता, जो बाकी पाच जणांपैकी कुणालाच आला नाही. मला वाईट वाटलं. तिला भेट आवडली नाही एवढंच मला समजलं आणि नेहमीप्रमाणे मी ते कुणालाच सांगितलं नाही.

चौथ्या गुरुवारी तिचा गुडघा सुजला होता. मी सुट्टी घेऊन पिशवी धरायला तिच्याबरोबर बंदरावर गेले. मासेवाली पार्वती नेहमीच्या जागी वाटे लावून बसली होती. आत्तेने एका वाट्यावर बोट ठेवलं.

"कितक्याक?"

पार्वतीने सांगितलं. आत्ते ओरडली, "गुरवारी? गुरवारी ह्यो भाव?"

"यमूबाय, गुरवार तुमचो. पर्यटकांक खंयचो गुरवार?" पार्वतीने हात झटकले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दोन वर्सां झाली, हिका हाच सांगतंय. हाटेलवाले रोज उचलतत. बुधवारचो भाव तोच गुरवारचो. तरी ही गुरवारीच येता, आणि माझ्याच नावान बोटां मोडता."

मी आत्तेकडे पाहिलं. धने वाण्याकडे स्वस्त की बाजारात, हे जिला झोपेतही ठाऊक असतं, ती पिशवीचा बंद सरळ करत होती.

"तू गप रव गो," ती पार्वतीला म्हणाली आणि पैसे काढून दिले. नेहमीसारखं दुसऱ्या वाट्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर तिने पडवीतच बांगडे साफ केले, दोन बाजूला काढून स्टीलच्या डब्यात घातले आणि डबा माझ्या हातात दिला.

"जा, फिलूबायक दी. सांग, भाडां."

"पण फ्रीज आता आपलाच आहे ना?"

"दी म्हटलंय मा मी?"

मी गडगा ओलांडून गेले. फिलूबायचं मागचं दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा दिसला तो फ्रीज. दार उघडं, मध्ये दुमडलेलं फडकं अडकवलेलं, आत अंधार. एक बाटलीही नव्हती. चुलीवर काही नव्हतं, गॅसवर फक्त चहाचं भांडं. दुपारचा एक वाजला होता आणि फिलूबाय टेबलाशी बसून चहात कडक बटर बुडवून खात होती.

"ये गो बाये. आणि तुझी आत्ते? गुडघो कसो आसा तिचो?"

मी डबा पुढे केला. "आत्तेने दिलंय. भाडं."

ती हसली. "आता कसला भाडां? फ्रीज तुमचो आसा." तिने झाकण उघडून बांगडे पाहिले, बोटाने एकाचा कल्ला उचलला. ताजे होते. मग झाकण लावलं. "व्हर गो परत. एकलीसाठी मसालो कोण वाटीत, तेल कोण तापयत? तुझी आत्ते येय तेव्हा बरा होता. ती हय बसा," तिने मागच्या पायरीकडे बोट केलं, "आणि म्हणा, तू जेवल्याशिवाय मी उठूचंय नाय. तिचो गुरवार, ती काय खायना नाय. नुसती बसा. तासभर. मगे करूकच लागा माका."

"तासभर? बसून?" मी विचारलं.

"मगे काय उभी रवतली?"

आत्ते तासभर बसते, हे मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. आम्हाला वाटायचं, बांगडे साफ करायला वेळ लागतो.

मी डबा घेऊन परत निघाले. आत्ते मागच्या दारात उभी होती. भरलेला डबा आणि रिकामा डबा माणूस वेगळा धरतो. तिने लांबूनच ओळखलं असणार, कारण मी गडग्याशी पोचेपर्यंत ती आत गेली होती. डबा पडवीतल्या फ्रीजमध्ये ठेवून मी आत गेले, तर ती स्वयंपाकघरात कढी ढवळत होती. गॅस पेटवलेला नव्हता.

"नको म्हणाल्या," मी म्हटलं.

"बरां."

"फ्रीज बंद करून ठेवलाय त्यांनी."

तिने पळी थांबवली. "रिकामो फ्रीज कोण चालू ठेयत?" ती म्हणाली. आणि पुन्हा कढी ढवळायला लागली.

ते दोन बांगडे शुक्रवारी आमच्याकडेच तळले गेले. सगळ्यांना जास्तीचा तुकडा आला. आत्तेने स्वतःच्या पानात घेतला नाही.

मी आठवडाभर विचार करत होते. फ्रीज परत करता येत नव्हता. आत्तेला "तू पूर्वीसारखी फिलूबायकडे जा" असं सांगता येत नव्हतं, कारण मग ती का जाते हे मला माहीत आहे हेही सांगावं लागलं असतं. ते तिला चाललं नसतं. मलाही नसतं. आमच्यात एवढं एकच साम्य आहे.

पुढच्या गुरुवारी आत्ते बंदरावरून लंगडत आली. पिशवी पडवीत ठेवून फ्रीजचं दार उघडलं. दिवा लागला नाही.

मी तिथेच उभी होते. सकाळपासून वाक्य जुळवत होते. जोरात म्हटलं, "आत्ते, फ्रीज बिघडलो."

माझ्या तोंडून तिने ऐकलेलं हे पहिलं मालवणी वाक्य असावं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग फ्रीजकडे बघितलं.

"बिघडलो?"

"साफ बिघडलो."

"तरी मी म्हणी होतंय, आवाज करता." तिने दार लावलं. "दुरुस्त करूक नको हां. उगीच खर्च." पिशवी उचलली, एक हात कमरेवर ठेवला आणि गडग्याकडे चालू लागली. अर्ध्या वाटेवरूनच तिने हाक मारली, "फिलू! गो फिलू! फ्रीज लाव तुझो!"

मी मागच्या दारातून पाहत होते. थोड्या वेळाने पलीकडून मसाला वाटल्याचा आवाज आला, मग तेलात बांगडा पडल्याचा. आत्ते पायरीवर बसली होती. पाय लांब सोडून, पदर मांडीवर घेऊन, काही न करता. फिलूबाय आतून काहीतरी म्हणाली आणि आत्ते इतक्या मोठ्याने हसली की आमच्या परसातली कोंबडी उडाली. ती दीड तासाने परत आली. कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाली, "बांगडे साफ करूक वेळ लागता."

तो फ्रीज अजून पडवीतच आहे. आत्ते त्यात आमसुलं आणि फणसाच्या सुकवलेल्या आठळ्या ठेवते. मुंग्या येत नाहीत म्हणते.

मी त्या दिवशी त्याची वायर नुसती ओढून सोडून दिली होती. ती भिंतीवर सगळ्यांना दिसेल अशी लोंबत होती, आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी आत्ते पडवी झाडत होती. झाडता झाडता थांबली, वायर उचलली, नीट गुंडाळली आणि फ्रीजच्या मागे खोचून ठेवली. मग केरसुणी घेऊन पुढे गेली.

त्या दुपारी माझ्या पानात बांगड्याचं डोकं होतं.