खापरमाळाच्या वेशीची हकीकत

श्रीखंडेराय समर्थ. ऐकत्यास उदंड आयुष्य, सांगत्यास दम. शके एकोणीसशे एक, सिद्धार्थी नाम संवत्सर, श्रावण अमावास्या, पोळ्याचा सण, ते दिवशी खापरमाळाचे राज्य उदयास आले, ती हकीकत येणेप्रमाणे.

खापरमाळ म्हणजे अकरा चुली, एक विहीर आणि दगड उदंड. पूर्वेचे गाव म्हणे, ही वस्ती पश्चिमेची, आणि पश्चिमेचे म्हणे, पूर्वेची. मग ग्रामपंचायत नाही, कागदी नाव नाही, आणि एस.टी. धूळ उडवीत पुढे जाई, थांबणे ठाऊक नाही. तेथे केसराबाई नामे विधवा, बाई मोठी करारी, आणि त्यांजपाशी चांद्या नामे बैल, वय अठरा, दात झिजलेले. उभ्या जन्मात तोरणाखालून पहिले जाण्याचा मान त्यास मिळाला नव्हता, कारण वेस परक्याची आणि वस्तीचे बैल सर्वांमागे उभे करावे ऐसी चाल. यंदाचा पोळा त्याचा शेवटचा, हे बाई जाणून होत्या. त्यात दोन्ही गावांनी सांगून पाठविले, "औंदा आमच्याकडं गर्दी हाय, तुम्ही तिकडं जा."

मग बाईंनी अकरा चुलींची सदर भरविली आणि बोलल्या, "दुसऱ्याच्या दारात किती दिस शेपटाला उभं ऱ्हायचं? आपली वेस आपुन बांधू." नागू सुतार म्हणाले, "आक्का, वेस गावाला असती. माळाला कसली?" बाई उत्तरल्या, "आधी वेस हू दे, गाव मागनं येतंय." मग लिंबाचे दोन खांब तोडिले आणि चांद्याच्या शिंगांस गोंडे बांधून, वर एक हात सोडून माप घेतले, आणि सपाट जागा तेवढीच म्हणून डांबरी रस्त्याच्या दो बाजूंस खांब रोवून वर आडवे लाकूड चढविले. एस.टी.चे स्मरण कोणासही जाहले नाही. जी गाडी कधी थांबली नाही, तिची उंची कोणी मोजावी?

पोळ्याचे दिवशी वेशीस तोरण बांधिले, दुपार टळता हलगी वाजू लागली, तों गाडी आली आणि प्रथमच खापरमाळी थांबली. कंडक्टर उतरून गरजले, "ही कसली वेस? इथं गावच नाही!" बाई म्हणाल्या, "वेस हाय, मंग गाव कसं न्हाई? दम धरा, तोरण तुटलं की वाट तुमचीच." प्रवासी हसत खाली उतरले आणि दुतर्फा उभे राहिले. आणि चांद्यास पुढे आणिले, तों घात जाहला! जन्माची सवय, तो मुकाट वळला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. लोक हसले. बाईंचे डोळे भरून आले, परंतु त्या मागे गेल्या, त्याचे कपाळास कपाळ लाविले आणि म्हणाल्या, "लेकरा, आता कुणाच्या मागं न्हाई. ही आपली हाय." मग चांद्या हळूहळू निघाला आणि अकरा चुलींचे बैल ओलांडून तोरणापाशी आला आणि मान उचलून शिंगांनी तोरण तोडिता जाहला. ऐसा जयजयकार उठला की ड्रायव्हरनेही भोंगा वाजविला.

मग आडवे लाकूड उतरवून गाडी वाटेस लाविली. परंतु उशिराचे कारण लिहिणे कंडक्टरास प्राप्त, आणि ठिकाणावाचून कारण लिहिता येईना, सबब त्यांनी नाव विचारून लिहिले. पंधरा दिवसांनी सरकारी नोटीस आली: "मौजे खापरमाळ येथील ग्रामस्थांस कळविण्यात येते की, रस्त्यावरील वेस तात्काळ काढावी." नागू सुतारांनी ती तीनदा वाचली, आणि 'ग्रामस्थांस' येताच बाईंनी तीनदा पदर डोळ्यांस लाविला. नोटिशीस कुंकू लाविले, हुकूम मानून वेस काढिली, आणि रस्त्याच्या कडेस, गाडीहून दोन हात उंच, पुन्हा उभारिली. तीच नोटीस दाखवून थांबा मागितला आणि तो मिळाला.

तात्पर्य, चांद्या मार्गशीर्षात वारला आणि त्यास वेशीपाशीच पुरून वर दगड ठेविला. आज गाडी तेथे थांबते, आणि उतरणारा प्रत्येक जण आधी त्याच्या दगडास हात लावितो, मग गावात शिरतो. इति.