खवलेरावांची माघार

एका जंगलात, मुलांनो, नगरपालिका होती. रस्ते नव्हते, गटारं नव्हती, दिवे तर नव्हतेच. पण नगरपालिका होती, आणि तिची निवडणूक मात्र वेळच्या वेळी व्हायची.

त्या जंगलाच्या वारूळवाडी प्रभागात खवलेराव राहायचे. खवलेराव म्हणजे खवल्या मांजर. नावात मांजर आहे म्हणून दूध घेऊन धावू नका, हा प्राणी मुंग्या आणि वाळवी खातो. अंगभर खवले, तोंडात एकही दात नाही, जीभ मात्र हातभर लांब. भीती वाटली की अंगाचा गोळा करून डोळे मिटून पडायचं, एवढी एकच विद्या त्यांना येत होती.

खवलेरावांना एकाच गोष्टीचं दुःख होतं. त्यांच्या बिळाच्या दाराशी कुणी म्हणजे कुणी यायचं नाही.

शेजारच्या मुंगूसभाऊंचा थाट निराळा. मागच्या निवडणुकीत त्यांनी अपक्ष म्हणून अर्ज भरला, तशी जंगलातली बडी मंडळी त्यांच्या दारात येऊन बसली. "भाऊ, आमचं ऐका, माघार घ्या." भाऊ रुसले. मंडळींनी हात जोडले. भाऊ आणखी रुसले. शेवटी डोळे पुसत त्यांनी माघार घेतली आणि तेव्हापासून ते 'त्यागमूर्ती' झाले. कुठलंही लग्न असो की बारसं, मुंगूसभाऊ पहिल्या रांगेत.

"मीसुद्धा यंदा उभा राहतो," एके दिवशी खवलेराव बायकोला म्हणाले.

"अहो, तुम्ही?" तानूबाईंच्या जिभेवरची मुंगी तिथेच राहिली. "काल पान पडलं तरी गोळा झालात!"

"निवडून यायला कोण उभं राहतंय? माघार घ्यायला उभा राहतोय. लोक मनधरणीला येतील. मी जरा ताणून धरीन. मग मोठ्या मनाने मागे घेईन."

"नाही आले तर?"

"येतात गं. तशी रीतच आहे."

आणि खवलेराव अर्ज भरून आले.

प्रभागात मुख्य उमेदवार दोन. वरच्या आळीचं अस्वल, भालेराव. खालच्या आळीचं तरस, दातेसाहेब. दोघांचं हाडवैर. एक नुसता खोकला तरी दुसरा त्याचा निषेध करायचा.

माघारीची मुदत जवळ आली. खवलेराव दार झाडून, पानांची बैठक घालून वाट बघत बसले. रुसायचं कसं, याचा त्यांनी डबक्याच्या पाण्यात बघून सरावही केला. पण कुणी फिरकलं नाही. खवलेरावांचा जीव टांगणीला लागला. शेवटच्या दिवशी भर दुपारी सगळं जंगल पेंगत असताना दारात सावली पडली. भालेराव आले होते!

खवलेरावांची छाती फुगली. त्यांनी लगेच मान फिरवली. "हे बघा भालेराव, मी काही ऐकणार नाही."

"नाहीच ऐकायचं!" भालेरावांनी त्यांचे पायच धरले. "कुणी कितीही सांगू दे, माघार घ्यायची नाही. तुम्ही उभे राहिलात की त्या तरसाची मतं फुटतात. तुम्ही नुसते उभे राहा, बाकी सगळं मी बघतो. पण कुणाला कळता कामा नये."

भालेराव पुढच्या वाटेने गेले, आणि मागच्या वाटेने दातेसाहेब हसत हसत आत शिरले.

"माघार घ्याल तर माझी शपथ आहे," दातेसाहेब म्हणाले. "तुम्ही त्या अस्वलाची मतं खाणार. खर्च माझा, माणसं माझी. तुम्ही फक्त गप्प बसा."

"पण मला माघार घ्यायचीय हो!"

"वा! किती साधे तुम्ही!" दातेसाहेब खदाखदा हसले आणि मुदत टळेपर्यंत दारातच बसून राहिले.

झालं! खवलेराव उमेदवार झाले. चिन्ह मिळालं फणस.

आता गंमत बघा. भालेरावांची पोरं खालच्या आळीत जाऊन घसा फोडून ओरडू लागली, "येऊन येऊन येणार कोण? फणसाशिवाय आहेच कोण!" त्याच वेळी दातेसाहेबांची पोरं वरच्या आळीत घरोघर फिरत होती. "काकू, लक्षात ठेवा, फणस. मावशी, विसरू नका, फणस." दोन्ही आळ्यांत फणसाशिवाय बोलणं नाही. स्वतःच्या साहेबाचा प्रचार करायला दोन्हीकडे पोरंच उरली नाहीत. पण साहेबांना त्याची फिकीर नव्हती, कारण दुसऱ्याची मतं कशी फुटताहेत हे बघण्यात दोघेही दंग होते.

मग सभा ठरली. मंडप भालेरावांनी गुपचूप दिला. भोंगा दातेसाहेबांनी गुपचूप दिला. गर्दी दोघांनीही गुपचूप पाठवली, त्यामुळे ती दुप्पट झाली. खवलेराव भाषणाला उभे राहिले. समोर ससे, रानडुकरं, माकडं, मोर, जिकडे तिकडे डोळेच डोळे. खवलेरावांनी घाबरून व्यासपीठावरच अंगाचा गोळा केला.

मग मागून एक माकड किंचाळलं, "अरे, फणस! साहेबांनी फणस करून दाखवला!"

टाळ्यांनी झाडं हलली. "बाकीचे चिन्ह छापतात, हे स्वतः चिन्ह होतात!" एक म्हातारा ससा गहिवरून म्हणाला. दोन मोर नाचायलाच लागले. रानडुकरांनी तो गोळा उचलला आणि ढोल बडवत सगळ्या प्रभागात गरगरा फिरवला. आतून खवलेराव "अहो, खाली ठेवा, मला चक्कर येतेय!" असं ओरडत होते, पण ढोलापुढे कुणाला ऐकू जाणार?

निकालाच्या दिवशी दोन्ही आळ्यांनी फणसावर शिक्के मारल्याचं उघड झालं. भालेराव पडले. दातेसाहेब पडले. गुलाल एवढा उडाला की तानूबाईंना आपला नवरा ओळखता येईना.

"घ्या," त्या म्हणाल्या. "झाली माघार?"

खवलेराव तोंड लपवून बिळात बसले. सभा, ठराव, लोकांच्या तक्रारी, या विचारानेच त्यांना गोळा व्हावंसं वाटत होतं. राजीनामा देऊन मोकळं व्हायचं त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि ते बाहेर यायला निघाले.

तर दारात अस्वल आणि तरस शेजारी शेजारी बसलेले! जन्मात पहिल्यांदा दोघे एका बाजूला होते. भालेरावांच्या डोळ्यांत पाणी होतं. दातेसाहेब हसायचे विसरले होते.

"खवलेराव, आमचं ऐका," भालेराव म्हणाले. "राजीनामा द्या. पाया पडतो तुमच्या."

"तुमच्यासारखा मोठ्या मनाचा प्राणी या जंगलात दुसरा नाही," दातेसाहेबांनी हात जोडले. "नाही म्हणू नका हो."

खवलेरावांना गुदगुल्या झाल्या. शेपटीपासून नाकापर्यंत एकेक खवला उभा राहिला. दारात माणसं आली होती! मनधरणी करत होती! इतका आनंद त्यांना उभ्या आयुष्यात झाला नव्हता. त्यांनी हळूच मान फिरवली, एक सुस्कारा सोडला आणि रुसक्या आवाजात म्हणाले, "उद्या या. विचार करून सांगतो."

दुसऱ्या दिवशी दोघे आले. तिसऱ्या दिवशी आले. मग रोजच येऊ लागले. खवलेराव रोज थोडे रुसायचे, थोडे विरघळायचे आणि विचाराला वेळ मागून घ्यायचे.

"अहो, द्यायचाच आहे ना राजीनामा?" तानूबाईंनी एकदा विचारलं. "मग किती दिवस विचार करणार?"

खवलेरावांनी बैठकीवरची पानं नीट केली आणि बाहेर पाहुण्यांची चाहूल घेत म्हणाले, "पाच वर्षं."

तात्पर्य: निवडून यायला मित्र लागत नाहीत. एकमेकांचे दोन पक्के शत्रू मिळाले की पुरे.