एक्याण्णवला मंजुरी

जगतपुऱ्यातल्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात २००४ साली संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला चौसष्ट विद्यार्थी होते. प्रत्येकाने सत्रभरात प्रोग्रामिंगचे पंधरा प्रयोग करायचे, ते हाताने फाईलीत उतरवायचे आणि प्रत्येक प्रयोगाखाली शिक्षकाची सही घ्यायची, असा नियम होता. म्हणजे एकूण सह्या नऊशे चाळीस. फाईलीच्या उजव्या, आखीव पानावर निळ्या शाईत प्रोग्राम लिहायचा आणि डाव्या, कोऱ्या पानावर पेन्सिलीने संगणकाचे उत्तर. या सगळ्यात संगणकाचे काम काय, हा प्रश्न कुणाला पडत नसे. संगणक तळमजल्यावरच्या लॅबमध्ये प्लॅस्टिकची आवरणे घालून बसलेले असत, आणि जयपूरची धूळ पाहता तेच त्यांच्या प्रकृतीला चांगले होते.

विभा तिथे नुकतीच लागली होती. नवरा सदाशिव विमा कंपनीत अधिकारी. त्याची साताऱ्याहून बदली झाली आणि मालवीय नगरातल्या भाड्याच्या घरात भांडी लागतात न लागतात तोच तिला ही नोकरी मिळाली. ती संख्याशास्त्र शिकलेली, बोलायला कमी, आणि जिना चढतानासुद्धा पायऱ्या मोजणारी.

पहिल्याच दिवशी विभागप्रमुख डॉ. खंडेलवाल यांनी तिच्यासमोर एक जाडजूड फाईल ठेवली. कोपरे मऊ पडलेले, वर पारदर्शक कव्हर.

"ये अपनी आदर्श फाईल है, मॅडम. पहली बॅच के टॉपर की. बच्चे इससे उतारते हैं, आप इससे मिलाइए. मिल जाए तो साइन."

"और प्रोग्राम चलाके देखना हुआ तो?" विभाने आपल्या सातारी हिंदीत विचारले.

खंडेलवाल सर मनापासून हसले. माणूस प्रेमळ होता. "मॅडम, साइन ही नौ सौ चालीस करने हैं. चलाने बैठेंगे तो पढ़ाएँगे कब?"

विभाला ते पटले. सह्या सुरू झाल्या.

एप्रिलमध्ये, बाहेरच्या परीक्षकाची तारीख आठवड्यावर आलेली असताना, ती शेवटच्या फाईलीशी पोचली. ती होती निनादची. प्रयोग क्रमांक सात: एक ते शंभरमधल्या मूळ संख्या छापणे, म्हणजे एक आणि स्वतःखेरीज ज्यांना कशानेच भाग जात नाही अशा. त्रेसष्ट फाईलींत सव्वीस संख्या होत्या. निनादच्या फाईलीत पंचवीस. विभाने पोरगा दचकणार नाही अशा बेताने पेन खाली ठेवले.

"निनाद, एक्याण्णव राहिला तुझा."

"राहिला नाही मॅडम. मतलब... आलाच नाही."

"कुठून आला नाही?"

"कॉम्प्युटरमधून."

विभाने दार लोटून घेतले. "तू प्रोग्राम चालवलास?"

"सॉरी मॅडम," निनाद म्हणाला.

त्याचे वडील दशरथ रेल्वेत सिग्नल टेक्निशियन, मूळचे अकोल्याचे. निनादचा जन्म मात्र इथल्याच रेल्वे क्वार्टरमधला. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने अख्ख्या वर्गातून त्याला एकट्याला उन्हाळी प्रशिक्षणासाठी निवडले होते. अट एकच: सत्राची सर्व प्रात्यक्षिके उत्तीर्ण असल्याचा दाखला. आणि फाईलीत एक सही जरी कमी असली, तर परीक्षक ती उघडत नसत.

विभाने समासात पेन्सिलीने भागाकार केला. तेरा साते एक्याण्णव. बाकी शून्य. तिने दुसऱ्यांदा केला. बाकी पुन्हा शून्यच आली, तेव्हा तिला त्रेसष्ट फाईलींतल्या आपल्या त्रेसष्ट सह्या आठवल्या. मग निनादची फाईल घेऊन ती खंडेलवाल सरांकडे गेली.

सरांनी डावे पान पाहिले, आदर्श फाईल पाहिली, आणि चष्मा काढला.

"इक्यानबे हटाया क्यों इसने?"

"सर, उसको सात से भाग जाता है."

"वो तो अब जाता है ना. पाँच साल से किसी ने दिया नहीं था."

तरीही ते अन्यायी नव्हते. त्यांनी प्रत्यक्ष पाहणी करायचे ठरवले. लॅब असिस्टंट मीणाजींनी चौदा नंबरच्या संगणकाचे आवरण काढले, निनादने प्रोग्राम चालवला, पडद्यावर पंचवीस संख्या आल्या. सरांनी मान हलवली आणि यंत्रावर 'खराब' अशी चिठ्ठी लावायला सांगितली. पंधरा नंबरनेही पंचवीसच दाखवल्या. त्यालाही चिठ्ठी लागली. दुपारी चार वाजता लॅबमधले तीसच्या तीस संगणक खराब निघाले होते आणि मीणाजींचा डिंक संपला होता.

"सर, इतनी बड़ी खराबी एक साथ?" मीणाजी हबकून म्हणाले.

"व्हायरस है," सर म्हणाले. "पच्चीस का."

रात्रीच्या जेवणात विभाने हे सदाशिवला सांगितले. तो म्हणाला, "अगं, मग पोराला सांग की एक्याण्णव लिहून टाक म्हणून. एक आकडा तर आहे. आमच्याकडे माणूस समोर उभा असतो, तरी हयातीचा दाखला आण म्हणतोच ना आम्ही?"

दुसऱ्या दिवशी तिने निनादला ते सांगितलेही. सांगताना ती खिडकीबाहेर पाहत होती.

"तुम्ही म्हणता तर लिहितो मॅडम," निनाद म्हणाला. "पण वर 'संगणकाचे उत्तर' असं हेडिंग आहे ना. मग संगणकाने दिलं नाही ते कसं लिहू?"

तिने फाईल मिटून ठेवली. सही मात्र तिने केली नाही. सही आदर्श फाईलीशी मिळण्याची होती आणि ती मिळत नव्हती.

तोवर प्रकरणाने आपले पाय पसरले. गणित विभागाचे मत मागवले गेले. दोन दिवसांनी उत्तर आले: 'भागाकार हा विषय प्रथम वर्षात समाविष्ट असून त्याची परीक्षा यथावकाश झालेली आहे. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याने तो करणे अभ्यासक्रमास धरून नाही. तथापि या विभागाची हरकत नाही.' हरकत नाही एवढ्याने कुणाचेच भागेना, म्हणून त्रिसदस्यीय समिती नेमण्यात आली. अध्यक्ष खंडेलवाल सर, सदस्य ग्रंथपाल, कारण आदर्श फाईल ग्रंथालयाच्या नोंदीत होती, आणि सचिव विभा, कारण इतिवृत्त कुणीतरी लिहायला हवे होते.

समिती बसली त्याच दुपारी दशरथ आले. ड्यूटीवरून सरळ आले होते, निळ्या शर्टावर तेलाचा डाग होता. व्हरांड्यात त्यांनी विभाला गाठले.

"नमस्कार मॅडम. पोराचं काही चुकलं का?"

"नाही हो, चुकलं नाही."

"मग सही काहून अडली?"

विभाने सगळे सांगितले. त्यांनी लक्ष देऊन ऐकले.

"मले कॉम्प्युटर नाही समजत मॅडम, मी सिग्नलवाला माणूस. पण आमच्याकडं रजिस्टरमध्ये हिरवा लिवला आन् खांबावर लाल दिसला, तर गाडी थांबते. रजिस्टर दाखवून कोणी पुढं जात नाही."

"इथे गाडी नसते ना," विभा म्हणाली, आणि बोलल्याबरोबर तिला ते आवडले नाही.

आत कूलर घरघरत होता. समितीपुढे दोन मार्ग होते. पहिला, त्रेसष्ट फाईली दुरुस्त करणे. पण मग आधीच्या पाच तुकड्यांचे काय? त्या सगळ्या एक्याण्णवसह पुढे गेल्या होत्या, पहिल्या तीन तर पदवीधरही झाल्या होत्या. त्यांतले दोघे तर याच विभागात प्रोग्रामिंग शिकवत होते. दुसरा मार्ग, निनादची फाईल दुरुस्त करणे. पण विद्यार्थी लेखी देत होता की जे आले तेच लिहिले. आणि परीक्षकाने एखादा संगणक चालवून पाहिलाच, तर त्याचे म्हणणे खरे ठरण्याची भीती होती.

"फिर तो फेल ही करना पड़ेगा," ग्रंथपाल हळहळून म्हणाले. "भला लड़का है. किताबें टाइम पे लौटाता है."

खंडेलवाल सर छताकडे पाहून बोटांवर काहीतरी मोजत होते. मग एकदम खुर्चीत सावरून बसले.

"गड़बड़ कहाँ है, मॅडम? फाईलें तिरसठ ठीक. पाँच बॅच ठीक. गड़बड़ सिर्फ तीस मशीनों में है. तो ठीक किसको करना चाहिए?"

विभाने इतिवृत्तात लिहिले: 'संगणक हे साधन असून फाईल हे प्रमाण आहे. सबब सर्व संगणक परीक्षेपूर्वी फाईलीशी सुसंगत करण्यात यावेत. तदनंतर संबंधित विद्यार्थ्याने प्रयोग पुन्हा करावा व जे येईल ते प्रामाणिकपणे नोंदवावे.' लिहिताना तिचे अक्षर नेहमीसारखेच सुवाच्य आले.

आता हे करायचे कुणी? मीणाजी म्हणाले, आपण बटण चालू करतो, आतल्या गोष्टी आपल्याकडे नाहीत. प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या दोघांनी सांगितले की ते फळ्यावर शिकवतात. संगणकाकडून हवे ते म्हणवून घेता येईल असा माणूस अख्ख्या विभागात एकच होता, आणि तो नापास व्हायच्या बेतात होता.

निनादला बोलावणे गेले. सरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "बेटा, फैसला तेरे ही फायदे का है. झूठ नहीं लिखना तुझे? मत लिख. मशीन बोलेगी, तू उतार लेना."

निनादने विभाकडे पाहिले. पुण्याची गाडी, दाखला, वडिलांचा तेलाचा डाग, सगळे त्या पाहण्यात होते. ती काही म्हणेल याची तो वाट पाहत होता. तिला म्हणायचेही होते.

"कर," ती म्हणाली.

काम एका ओळीचे होते. 'किंवा संख्या एक्याण्णव असेल तर.' तीस संगणकांवर ती ओळ घालायला त्याला पाऊण तास लागला. तिसाव्या पडद्यावर सव्विसावी संख्या उमटली तेव्हा मीणाजींनी चिठ्ठ्या खरवडून काढल्या आणि सरांनी सगळ्यांना कांद्याची कचोरी मागवली. निनादने पेन्सिल घेऊन डाव्या पानावर एक्याण्णव लिहिला. विभाने सही केली. त्याच्या फाईलीतली ती शेवटची होती.

परीक्षक आले. त्यांनी फाईलींचे समास मोजले, अनुक्रमणिका पाहिली, कव्हरे सगळी एका रंगाची असल्याबद्दल समाधान व्यक्त केले. मग निनादला प्रयोग क्रमांक सात चालवायला सांगितला. संख्या सरसर खाली उतरल्या. परीक्षक वाकले, एका जागी बोट ठेवून थांबले.

"इक्यानबे... प्राइम है?"

खंडेलवाल सरांनी रुमाल काढला. विभा टेबलाची कड घट्ट धरून उभी होती.

"सर," निनाद म्हणाला, "इस लॅब में है."

परीक्षकांनी पडद्यावरचे बोट काढले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरले. "हमारे यहाँ सत्तावन है," ते म्हणाले आणि पन्नासपैकी एकोणपन्नास लिहिले. एक गुण पेन्सिल फिकट असल्याबद्दल कापला.

दाखला मिळाला. निघायच्या आदल्या दिवशी दशरथ आणि निनाद मालवीय नगरात विभाच्या घरी आले. दशरथांनी नागपूरहून मागवलेली संत्रा बर्फी टेबलावर ठेवली. सदाशिवने चहा पुढे करत विचारले, "मग, खूश ना आता?"

"खूश तर हावोच," दशरथ म्हणाले. त्यांनी बशीतला चहा संपवला. मग मुलाकडे वळले. "शीक, मोठा हो, पुण्यात राय, कुठंबी राय. फक्त रेल्वेत येऊ नको, बाप्पा."

निनाद हसला. विभाला हसता आले नाही. बर्फीचा तुकडा तिच्या हातात तसाच राहिला.

सत्र संपताना कॉलेजात छोटा समारंभ झाला. खंडेलवाल सरांनी विभाला प्रशस्तिपत्र दिले, खाली प्राचार्य, कुलसचिव आणि विभागप्रमुख अशा तिघांच्या सह्या: 'चौसष्ट विद्यार्थ्यांच्या प्रत्येकी पंधरा प्रयोगांवर, अशा एकूण नऊशे चाळीस स्वाक्षऱ्या अचूक व वेळेत केल्याबद्दल.' टाळ्या झाल्या. विभाने वाकून आभार मानले.

मिनी बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. जगतपुऱ्याचे रेल्वे फाटक बंद होते, गाडी यायची होती. सिग्नल लाल होता आणि सगळे मुकाट थांबले होते. तिने सहज प्रशस्तिपत्र उघडले आणि जिन्याच्या पायऱ्या मोजाव्यात तशा सवयीने गुणाकार केला. चौसष्ट गुणिले पंधरा. उत्तर नऊशे साठ आले.

तिने पुन्हा केला. नऊशे साठच. सह्या तर तिने एकही सोडली नव्हती. म्हणजे पहिल्या दिवशी सरांनी सांगितलेला आकडा तिने, पायऱ्या मोजणाऱ्या बाईने, तपासलाच नव्हता, आणि तिघांनी सह्या करून तो आता कायम केला होता. उद्या जाऊन सांगावे का? मग समिती बसेल. त्रिसदस्यीय. वीस विद्यार्थ्यांचा एकेक प्रयोग रद्द करून सह्या आकड्याशी सुसंगत करण्यात येतील, आणि इतिवृत्त तिलाच लिहावे लागेल. तिने प्रशस्तिपत्राची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

तिला एकटीला दोष देण्यात अर्थ नाही. तो आकडा या गोष्टीत तीन वेळा आला, पहिल्यांदा तर पहिल्याच परिच्छेदात, गुणायच्या दोन्ही संख्या शेजारी मांडून. वाचकाने तो वाचला आणि पुढे गेला. महाविद्यालयाच्या नियमाप्रमाणे ती त्याची सही समजण्यात येते.