या खोलीत कोणाचं नुकसान नाही

बैठकीत बोलायचं मी ठरवलं आणि तिथंच सगळं फिसकटलं.

एरवी मी बैठकीत बोलत नाही. विद्यापीठात मी कला शाखेच्या मुलांना तर्कशास्त्र शिकवतो, आणि तर्काने चालणाऱ्या माणसाने बैठकीत तोंड उघडू नये हे मला नोकरीच्या सुरुवातीलाच उमगलं होतं. त्यामुळे बी.ए.चे नियम नव्याने ठरवणाऱ्या समितीवर माझं नाव पडलं तेव्हा मी खिडकीजवळची खुर्ची धरली आणि कोणी काही विचारलं की "हो हो, बरोबर आहे" एवढंच म्हणत राहिलो. (घरीही मी हेच करतो. तिथे खिडकीजवळची खुर्ची मिळत नाही, इतकाच फरक.)

समितीत आम्ही मोजकीच माणसं. डीनसाहेब, इतिहासाचे प्रमुख, अर्थशास्त्राचे प्रमुख, साहित्याच्या बाई आणि मी. वरून हुकूम आला होता की पदवी कडक झाली पाहिजे. आता पदवी कडक करायची म्हणजे कुणाचा तरी पेपर कापायचा, कुणाचा तरी वाढवायचा. आणि आपला पेपर सोडायला कुणाचीच तयारी नव्हती. गैरहजर माणसाचा विषय सगळ्यात आधी कापला जातो असा अर्थशास्त्राच्या प्रमुखांचा अनुभव होता, म्हणून ते तापाने फणफणत असतानाही मफलर गुंडाळून यायचे आणि कण्हत कण्हत विरोध नोंदवायचे.

डीनसाहेबांची एक पद्धत होती. कुठलाही ठराव मांडला की ते चष्मा काढायचे, सगळ्यांकडे एकदा बघायचे आणि विचारायचे, "या खोलीत कोणाचं नुकसान होत नाही ना?" कोणाचं तरी व्हायचंच. मग तो ठराव बारगळायचा आणि चहा यायचा. असा आम्ही बराच चहा प्यायलो. पदवी होती तिथेच होती.

त्या दिवशी दुपारी बायकोचा फोनवर निरोप आला. "आज लवकर या. काम आहे."

मी ताबडतोब निष्कर्ष काढला. स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा पाइप गळत होता, त्याखाली बादली लावलेली होती, आणि ती बादली मी रिकामी करत नाही यावरून घरात रोज उद्धार होत होता. म्हणजे आज प्लंबर येणार. म्हणजे मला वेळेवर घरी पोचलं पाहिजे. आणि इथे साहित्याच्या बाई आणि इतिहासाचे प्रमुख निबंधाच्या पेपरवरून एकमेकांचे पूर्वज काढण्याच्या बेतात आलेले.

तेव्हा मी बोललो.

"साहेब, एक सुचवू का? मध्येच शिक्षण सोडून गेलेले विद्यार्थी कित्येक वर्षांनी परत येतात, राहिलेला एखादा पेपर देतात आणि पदवी घेऊन जातात. त्यांचे दहा वर्षांपेक्षा जुने पेपर बाद करू या. यायचं असेल तर पहिल्या वर्षापासून या म्हणावं. नियम कडक दिसेल, आणि कुठल्याच विभागाचं काही जात नाही."

मफलरमधून एक डोकं बाहेर आलं.

"पण अशी माणसं असतात कुठे?" बाईंनी विचारलं.

"तेच तर," मी म्हणालो. "संसारात पडलेली, नोकरीत अडकलेली. येतंय कोण."

डीनसाहेबांनी चष्मा काढला. "या खोलीत कोणाचं नुकसान होत नाही ना?"

"नाही," सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणालो.

ठराव एकमताने पास झाला. इतिहासाच्या प्रमुखांनी माझा हात हातात घेऊन दाबला. डीनसाहेब म्हणाले, "तुम्ही आधीच का बोलला नाहीत?" आणि त्या दिवशी चहाबरोबर बिस्किटंही आली. इतक्या वर्षांत माझं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. मी अगदी तरंगत घरी गेलो.

घरी जाऊन मी तडक सिंकखाली डोकं घातलं.

"आला होता का?" मी तिथूनच विचारलं.

"कोण?" बायको म्हणाली.

"प्लंबर."

"प्लंबर कशाला येईल? अहो, बाहेर या. तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

मागे लेकीचं हसू ऐकू आलं. मी बाहेर यायला लागलो, पाइपवर डोकं आपटलं, आणि एका हाताने टाळू चोळत उभा राहिलो. बायकोच्या गळ्यात निळी फीत होती. फितीला ओळखपत्र होतं. ओळखपत्रावर आमच्या विद्यापीठाचं बोधचिन्ह, आणि त्याखाली माझ्या बायकोचा फोटो. फोटोत ती हसत होती. आमच्या घरातल्या एकाही फोटोत ती तशी हसलेली नाही.

"हे काय?"

"असं काय करता? मी सांगितलं होतं ना, राहिलेले दोन पेपर देऊन टाकते म्हणून. परत नाव घातलं. आज कार्ड मिळालं."

"मला कधी सांगितलंस?"

"एकदा जेवताना. एकदा तुम्ही पेपर तपासत होता तेव्हा. आणि एकदा नुसतं समोर बसून." तिने हिशेब अगदी शांतपणे दिला. "जुने पेपर धरतील ना, असंही विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, हो हो, धरतील की."

"बाबा 'उत्तम' पण म्हणाले होते," लेक म्हणाली. "मी साक्षीला होते."

आता इथे थोडं मागचं सांगायला हवं. आमचं लग्न ठरलं तेव्हा ती याच विद्यापीठाच्या एका गावाकडच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. त्याच सुमारास मला ही नोकरी लागली आणि ताबडतोब रुजू व्हायचं होतं. परीक्षा अर्ध्यावर असताना बिऱ्हाड हललं आणि दोन पेपर राहिले. पुढच्या वर्षी देऊ, असं ठरलं. मग पुढच्या वर्षी लेक झाली, त्याच्या पुढे माझं संशोधन आलं, मग सासूबाईंचं आजारपण, म्हणजे माझ्या आईचं, आणि ते सगळं हिनेच निस्तरलं. दोन पेपर राहिले ते राहिलेच. वीसेक वर्षं.

"अरे वा," मी म्हणालो. टाळू ठणकत होती हे एक बरं होतं. चेहरा वाकडा का, याला कारण होतं.

"तुमच्या त्या समितीचं माझ्या आड काही येणार नाही ना?"

"छे," मी म्हणालो. (ही माझी त्या दिवसातली दुसरी चूक. पहिल्या चुकीला निदान बिस्किटं तरी मिळाली होती.)

दुसऱ्या दिवशी मी डीनसाहेबांना गाठलं. ठराव मागे घ्यायचा म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या घरची सून पळवून नेतोय. म्हणाले, पास झालेला ठराव बदलायचा तर सगळ्या प्रमुखांचा पाठिंबा आणा. कारण मी सांगितलं नाही. बायकोसाठी नियम बदलतोय असं कसं सांगायचं? म्हणून मी म्हणालो, "न्यायाचा प्रश्न आहे." न्यायाचा प्रश्न म्हटल्यावर विद्यापीठात जो तो आपला भाव वाढवतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

अर्थशास्त्राचे प्रमुख म्हणाले, "पाठिंबा देतो. पण संख्याशास्त्राचा पेपर सगळ्या मुलांना अनिवार्य करा."

"हो हो," मी म्हणालो.

साहित्याच्या बाई म्हणाल्या, "तुमच्यासाठी काय पण. फक्त निबंधाचा पेपर अनिवार्य झाला पाहिजे."

"हो हो."

इतिहासाच्या प्रमुखांना मुलांकडून जुन्या इमारतींची पाहणी करून घ्यायची होती. तीही अनिवार्य. मी तिलाही हो म्हणालो. मग रात्री जेवताना बसून विचार केला की एवढं सगळं घालायचं तर काहीतरी काढायला लागणार. कोणाचं काढायचं? बाकी सगळ्यांना तर मी शब्द देऊन बसलो होतो. उरला एकच विषय. त्याच्या प्रमुखाला विचारायला कुठे जायचीही गरज नव्हती, तो भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याच खुर्चीत बसला होता.

मला स्वतःचा अभिमान वाटला, हे कबूल करायला हवं. बायकोच्या पदवीसाठी आपला विषय बळी देणारा नवरा लाखात एक. मी तिच्याकडे एकदा त्या नजरेने पाहिलंसुद्धा. ती म्हणाली, "वाढू का अजून?"

बैठक भरली. संख्याशास्त्र अनिवार्य झालं. निबंध अनिवार्य झाला. इमारतींची पाहणी अनिवार्य झाली. तर्कशास्त्र ऐच्छिक झालं, तेव्हा तर टेबलं वाजली. मग मी घसा खाकरून जुन्या पेपरांचा विषय काढला.

"ते कशाला काढता?" इतिहासाचे प्रमुख म्हणाले. "अहवालात कडक म्हणून दाखवण्यासारखं तेवढं एकच कलम आहे."

"तुम्ही पाठिंबा देणार होतात."

"दिला की. तुमच्या विषयाच्या ठरावाला सगळ्यात आधी हात मी वर केला."

मी बाईंकडे पाहिलं. बाई छताकडे पाहत होत्या. अर्थशास्त्राचे प्रमुख मफलरमध्ये परत गेले, त्या दिवशी ताप नसतानाही. तेव्हा माझा तोल गेला आणि मी खरं ते सांगून टाकलं. म्हणालो, "अहो, माझ्या बायकोचे दोन पेपर राहिलेत. तिने नाव घातलंय. तुमच्या या कलमामुळे तिला पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल."

"अरेरे," बाई म्हणाल्या. आणि खरंच त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "आधी सांगायचं नाही का?"

डीनसाहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे यात तुमचा वैयक्तिक हितसंबंध आहे. मग या विषयावर चर्चा चालू असताना तुम्हाला इथे बसता येणार नाही. नियम आहे."

मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभा राहिलो. तिथे बाक नव्हता. काचेच्या दारातून दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं. डीनसाहेबांनी सगळ्यांकडे एकदा पाहून काहीतरी विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या. काय विचारलं असेल ते मला माहीत होतं, आणि त्यांचं उत्तरही अगदी खरं होतं. त्या खोलीत आता कोणाचंच नुकसान होत नव्हतं.

मग शिपाई चहाचा ट्रे घेऊन माझ्या अंगावरून आत गेला.

घरी मी सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही. ठराव मी मांडला, "नाही" सर्वांत मोठ्याने मी म्हणालो, सगळं. ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून ऐकत होती. लेक आधी म्हणाली, "बाबा, तुम्ही कधी म्हणून बैठकीत बोलत नाही. नेमकं तेव्हाच बोललात?" मग आईकडे बघून ती ताटं मांडायला लागली.

"मी तर्कशास्त्र सोडलं तुझ्यासाठी," मी म्हणालो. बोलताना ते मनातल्यापेक्षा बरंच फुसकं वाटलं.

बायको वळली. रडत नव्हती. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं, निदान पाणी आणून देता आलं असतं.

"माझे दोन पेपर राहिले ते तुमच्या नोकरीमुळे," ती म्हणाली. "त्याचं मला काही नाही, दोघांनी मिळून ठरवलं होतं. पण बाकीचे सगळे मी पास झाले होते. अभ्यास करून, माझे मी. माझं म्हणावं असं तेवढंच होतं हो. ते तुम्ही प्लंबरसाठी घालवलंत."

मला माझी लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. मी बादली उचलली आणि रिकामी करून आणली. तिने त्याची दखल घेतली नाही.

तिने नाव काढून घेतलं असतं तर मी समजू शकलो असतो. तिने काढलं नाही. लेकीची जुनी सॅक झटकली, पहिल्या वर्षाची फी भरली, आणि सकाळी माझ्या आधी घराबाहेर पडू लागली. कोणते विषय घेतले हे तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं, आणि ती सवय मला नाही हे आता घरात सर्वांना माहीत होतं.

ऐच्छिक झाल्यावर माझ्या वर्गाला कोण येणार, याची मला धास्तीच होती. पहिल्या तासाला गेलो तर मागे चार-सहा मुलं पांगून बसलेली, बहुतेक दुसरीकडे जागा न मिळालेली. आणि पहिल्या बाकावर, वही उघडून, गळ्यात निळी फीत घालून, माझी बायको.

मी हजेरी घेतली. तिचं नाव घेतलं तेव्हा ती "हजर, सर" म्हणाली. माझ्या हातून खडू पडला. मुलांना काही कळलं नाही. काकू कोण, सर कोण, त्यांना काय पडलेलं. नेहमीचा पहिला धडा मी कसाबसा रेटला. दोन विधानं घ्यायची, त्यातून तिसरं आपोआप निघतं, त्याला निष्कर्ष म्हणायचं. मग नेहमीप्रमाणे म्हणालो, "कोणी उदाहरण देईल का?" आजवर कोणी दिलेलं नाही. तेवढ्यात मी पाणी पितो.

पहिल्या बाकावरून हात वर झाला.

"सर, जो माणूस आधी हो म्हणतो आणि नंतर ऐकतो, त्याच्याशी बोलून काही उपयोग नसतो," ती उभी राहून म्हणाली. आवाज स्वच्छ, परीक्षेला बसल्यासारखा. "आमचे सर आधी हो म्हणतात आणि नंतर ऐकतात. म्हणून आमच्या सरांशी बोलून काही उपयोग नसतो."

मागच्या बाकावरचा एकजण जागा झाला. "सर, हे बरोबर आहे का?"

मी तर्कशास्त्राचा माणूस. दोन्ही विधानं मी तपासली, क्रम तपासला, कुठे फट सापडते का ते पाहिलं. फट नव्हती.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "निर्दोष आहे."

त्यासरशी सगळ्या वर्गाने माना खाली घातल्या आणि ते वहीत लिहून घ्यायला सुरुवात केली. माझ्या आजवरच्या नोकरीत न सांगता मुलांनी लिहून घेतलेलं हे पहिलंच. मी फळ्याजवळ उभा होतो, पण माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

"काकू, जरा सावकाश," मागून एक मुलगी म्हणाली. "'आमच्या सरांशी'च्या पुढचं राहिलं."

आणि माझ्या बायकोने ते तिला परत, एकेक शब्द सुटा करून, सांगितलं.