मे महिन्यात उभी राहणारी मेणबत्ती

“वाकनी व अक्का! परत वाकनी!”

भर दुपारी तीन वाजता ही आरोळी उठली, की परक्या माणसाला वाटावं भिंत वाकली, नाहीतर विजेचा खांब. गल्लीत नव्याने आलेले एक भाडेकरू तर पहिल्याच दिवशी पोरंबाळं, ट्रंक आणि शिलाई मशीन घेऊन रस्त्यावर येऊन उभे राहिले होते. आम्ही जुने लोक मात्र कूस बदलून झोपायचो. वाकली ती मेणबत्ती आणि ओरडले ते सुपडूनाना, एवढं आम्हाला झोपेतही कळायचं.

सुपडूनाना आमच्या समोरच राहायचे. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून त्यांचा जन्म गेला. निवृत्तीच्या दिवशी शाळेने त्यांना शाल आणि नारळ दिला. थर्मामीटर त्यांनी स्वतःहून घेतला. लग्न केलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण तापीअक्का, एवढीच दोन माणसं. नाना अक्काशी पारोळ्याकडची अहिराणी बोलत, आमच्याशी शाळेतली मराठी, आणि मेणाशी दोन्ही.

कारण नानांना सुगंधी मेणबत्ती करायची होती. लाईट तर आमच्याकडे पाहुण्यासारखी यायची, चहा घेऊन निघून जायची. पण नानांना साधी मेणबत्ती नको होती. पुण्यात कुणाच्या तरी लग्नात त्यांनी गुलाबाच्या वासाची मेणबत्ती पाहिली होती आणि तेव्हापासून ते पेटले होते.

“पुण्याची मेणबत्ती पुण्यात उभी राहते, त्यात तिचं काय कौतुक?” नाना म्हणायचे. “जळगावात मे महिन्यात उभी राहून दाखव म्हणावं!”

हे मात्र खरं होतं. आमचा मे महिना काय सांगू? नशिराबादहून सायकलवर अंडी घेऊन निघालेल्या माणसाच्या टोपलीत, जळगाव येईपर्यंत पिल्लं निघालेली मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. दोन तर शेवटचा मैल चालत आली.

अशा उन्हात मेण निवडायचं म्हणजे जावई निवडण्यासारखं. दिसायला सगळेच गोरे. ताप वाढला की कळतं. माझे वडील एसटीत ड्रायव्हर. जळगाव-धुळे त्यांची रोजची फेरी. धुळ्याच्या एका दुकानातून ते नानांसाठी पांढऱ्या मेणाच्या लाद्या आणायचे. त्या मेणाच्या सात मेणबत्त्या नानांनी खिडकीत उभ्या केल्या. बारा वाजता सातही जणींनी नमस्कार केला, दोनला लोटांगण घातलं, आणि चार वाजता एक खिडकीतून खाली उतरून आमच्या तुळशीकडे निघाली होती.

मग नानांनी मेण घट्ट करणारी एक पांढरी भुकटी आणली. मेणबत्ती उभी राहिली, पण इतकी ताठ, की वाससुद्धा आत घेईना. अत्तर ओतावं तर घाम फुटल्यासारखं बाहेर. मग केळ्याचा अर्क घातला. ती मेणबत्ती शेजारच्या बकरीने वातीसकट खाल्ली. तीन दिवस बकरी ओरडली की गल्लीत शिकरणाचा वास यायचा.

“बठ्ठं बिघडनं व अक्का!” सगळं बिघडल्याचं नाना ओरडून सांगायचे.

अक्का ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, मेणाच्या चुलीकडे पाठ करून, सुपात ज्वारी पाखडत बसलेली असायची.

“बरं,” ती म्हणायची.

वाकली तरी बरं, तडकली तरी बरं. तीन उन्हाळे मी हेच ऐकलं. एकदा मी नानांना म्हणालो, “नाना, सातपुड्यातले लोक बाजारात मधाच्या पोळ्याचं मेण आणतात. ते घेऊन बघा ना. कडक असतं आणि वासही धरतं.”

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांच्या खिशात हात घातला. “घाई कोनले शे?” ते म्हणाले, आणि पुन्हा तीच वाकणारी लादी फोडायला बसले.

मी घरी येऊन हा किस्सा आईला रंगवून सांगितला. आई हसली नाही.

“त्यांना मेण शिकवतोस?” ती म्हणाली. “अरे, पारोळ्यात अक्काच्या हातचं मेण घ्यायला बायका रांग लावायच्या.”

तुम्ही टिकलीच्या काळातले असाल तर सांगतो. तेव्हा बायका कपाळाला आधी बोटाने मेण लावत आणि त्यावर कोरडं कुंकू. मेण बोटाला मऊ लागावं, कपाळाला धरावं आणि मे महिन्यातल्या घामात डोळ्यात उतरू नये, इतकं सगळं त्या चिमूटभर मेणाने सांभाळायचं. अक्का लग्नाआधी तसं मेण करायची. पोळ्याचं मेण, कणभर राळ आणि वाळा मुरवलेलं तेल. प्रमाण फक्त तिला ठाऊक. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला. सासूने तिची मेणाची डबी विहिरीत टाकली. अक्का माहेरी परतली, पण तिच्या हातचं मेण पुन्हा कुणी मागितलं नाही आणि तिनेही पुन्हा मेणाला हात लावला नाही. नाना तेव्हा आठ वर्षांचे होते.

हे ऐकल्यावर मी ओसरीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

त्याच मे महिन्यात एका दुपारी नानांनी चुकीच्या मेणात चुकीचं तेल ओतलं, खाली जाळ वाढवला आणि पातेलं धुरू लागलं. मी ओसरीवरच होतो. “बठ्ठं बिघडनं!” नाना नेहमीपेक्षा मोठ्याने ओरडले.

सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

“कितलं जाळशी रे?” अक्का उठून चुलीपाशी आली. “विस्तू काढ खालून. आनि हाई मेन नको. पोळानं आन.”

नानांनी कोनाड्यातून फडक्यात बांधलेला पिवळाधमक गोळा काढला. पोळ्याचंच मेण. कधीपासून आणून ठेवलं होतं, देव जाणे. राळ निघाली. वाळ्याचं तेलही निघालं, बाटलीला धूळ बसलेलं. अक्काने एक शब्द विचारला नाही. पन्नास वर्षांनी तिचे हात चालत होते आणि एकदाही अडले नाहीत. मेण निवलं. तिने अंगठा आणि बोटात घेऊन ते चोळलं, वास घेतला, आणि मेण लागलेलं बोट सवयीने वर गेलं. कपाळापासून दोन बोटांवर थांबलं.

मग तिने ते पदराला पुसलं.

नाना थर्मामीटर शोधायला वळले होते. थर्मामीटर त्यांच्या हातातच होता.

त्या मेणाची मेणबत्ती उभी राहिली. आठ दिवस खिडकीत, उन्हात, शाळेतल्या शिक्षा झालेल्या पोरासारखी ताठ. पेटवली की गल्लीभर वाळ्याचा थंड वास. पण नानांना तेवढ्याने चैन पडेना. त्यांनी उरलेलं मेण एका छोट्या डबीत भरलं आणि मला म्हणाले, “आईला दे. म्हणावं, अक्काने केलंय.”

आईने डबी उघडली, वास घेतला, डोळे मिटले. मग झाकण लावून ती डब्यांच्या मागे, फळीवर ठेवली.

“मला काही नाही रे,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “पण तुझे वडील रोज रस्त्यावर असतात.”

दुसरं मेण लावायचीही तिला लाज वाटली असावी. त्या दिवसापासून तिने मेणच सोडलं आणि कासाराकडून टिकल्यांचं पाकीट आणलं.

चार दिवसांनी नानांनी मला कोपऱ्यावर गाठलं. “लावते का रे?”

माझं तोंड बघून त्यांना कळलं.

“तीन उन्हाळे मेण वाकवलं मी,” ते म्हणाले. “अक्काला विचारलं असतं तर ‘माले नही आठवत’ म्हणाली असती. बिघडलेलं मात्र तिला बघवत नाही. आता ती रोज तुमच्या दाराकडे बघते. कुणी मागायला येतं का म्हणून.” मग माझा दंड धरून म्हणाले, “तू तिले सांग, आई लावस म्हणून. तुला खोटं चांगलं जमतं.”

जन्मात माझ्या थापांना मिळालेली ही एकमेव मागणी. मी जीव ओतला. अक्का ज्वारी पाखडत होती. नाना दाराआड उभे होते.

“अक्का, काय मेण केलंत!” मी बसलो. “परवा जामनेरला लग्न. मांडवात ऊन असं, की भटजी आहुतीशिवाय पेटले! सगळ्या बायकांचं कुंकू नाकावर उतरलं. वरमाय तर लढाईतून आल्यासारखी दिसत होती. आणि आमच्या आईचं कुंकू? जसंच्या तसं!”

सूप थांबलं. अक्का गालात हसत होती. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“मंग?”

“मग काय! बायकांनी आईला घेरलं. मेण कुणाचं, मेण कुणाचं! आईने सांगितलं, आमच्या तापीअक्काचं. पुढच्या आठवड्यात बघा, गल्लीत रांग लागते की नाही. आई रोज अंघोळ झाली की आधी तुमची डबी उघडते.”

“रोज?”

“रोज, अक्का.”

तिने सूप पुन्हा हातात घेतलं, दोनदा पाखडलं आणि एक खडा वेचून बाजूला टाकला.

“सकायले नळवर भेटनी तुनी माय,” अक्का म्हणाली. “टिकली व्हती कपायले.”