मंजूर हद्दीबाहेर अकरा किलो

मी मंजूर नकाशाच्या अकरा किलो बाहेर आले आहे, ते अतिक्रमण सात दिवसांत स्वतःहून काढून घ्यावे, अशी नोटीस मला नगरपालिकेने दिली. झोप उडाली ती नोटिशीने नाही. माझ्या सहा वर्षांच्या जुईने ती अक्षर-अक्षर लावत वाचली आणि ताटातली अर्धी पोळी परत डब्यात ठेवली. तेव्हापासून ती अर्धीच पोळी खाते. मलाही नोटीस येईल, म्हणते.

आमच्या गावात लग्न झालेल्या बाईचा नकाशा म्हणजे तिचा लग्नातला ब्लाउज. तो अतिक्रमण विभागात जमा असतो. पुरुषांचा कोट. नोटिशीसोबत सकाळी कोमट पाण्यात लिंबू पिळून प्या, असं माहितीपत्रक येतं. मी ते तीन दिवस पाळलंही. एम.एस्सी. केलंय मी, पण छापील कागदावर माझा फार लवकर विश्वास बसतो.

आठव्या दिवशी निरीक्षक पाटोळे माझा ब्लाउज आणि टेप घेऊन आले. सभ्य माणूस. सदऱ्याचं मधलं बटण तुटून तिथे सेफ्टी पिन लावलेली. चहा बिनसाखरेचा मागितला. जुई दाराआड उभी होती. टेप जवळ आली तसा मी श्वास रोखून धरला, आणि पाहते तर जुईनेही पोट आत ओढलेलं.

मी श्वास सोडला.

पाटोळ्यांनी मापं घेतली. आठ बोटं जास्त, असं म्हणत त्यांनी पंचनामा उघडला. मी ब्लाउज मागून घेतला, उलटा केला आणि दाखवला. दोन्ही बाजूंच्या शिवणीत तीन-तीन बोटं कापड दुमडून ठेवलेलं होतं.

"हे कुणी ठेवलं?" त्यांनी विचारलं.

"शिंप्याने. नकाशातच आहे. बाई एवढीच राहणार नाही, हे त्याला लग्नाआधीच ठाऊक होतं."

पाटोळ्यांनी कार्यालयात फोन लावला. बराच वेळ ते नुसते 'हो साहेब' म्हणत होते. मग म्हणाले, आतलं कापड मंजूर धरता येईल. मी तिथेच ब्लेडने शिवणी उसवल्या.

"तरी दोन बोटं राहतातच, ताई. ती जास्त लिहावी लागतील."

"मी जास्त झाले असं लिहू नका. कापड कमी पडलं, असं लिहा."

"तसा रकाना नाही."

"मग आखा."

त्यांनी खिशातून पट्टी काढली, रकाना आखला आणि त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: कापड कमी पडले. मी सही केली. सही रकान्याच्या थोडी बाहेर गेली. पाटोळ्यांनी ती चालवून घेतली.

जुई दाराआडून बाहेर आली. पंचनामा वाचला. मग पाटोळ्यांच्या सेफ्टी पिनकडे बराच वेळ पाहिलं.

"आई, मला अख्खी पोळी दे," ती म्हणाली. "काकांना पण दे. त्यांचं पण कापड कमी पडलंय."