मुर्री आमच्यात घ्या

झनकलालभाऊंच्या शेजारी जेवायला बसलं की ताटात आधी तालुक्याचा नकाशा तयार होई. भाताचा ढीग म्हणजे गोंदिया, वरणाचा ओघळ म्हणजे नदी, आणि मग बोटानं ओढलेली मतदारसंघाची हद्द. "रेघ मारणाऱ्यानं गाव तरी पायलन का?" असं म्हणत ते ती हद्द कालवून खाऊन टाकत.

कुडव्यात ते माझे शेजारी. धानाची शेती चांगली, डोकं त्याहून चांगलं. पण खानेसुमारीनंतर ते कामातून गेलं. माणसं नव्यानं मोजून सरकारनं मतदारसंघ पुन्हा आखले, त्यात कुडवा एकीकडे आणि जवळचं मुर्री गाव दुसरीकडे पडलं. गावात कुणाचं काही अडलं नाही. भाऊंचं अडलं.

त्यांनी लगेच सुधारणा सुचवली. डोकी मोजून नव्हे, बाजार पाहून हद्दी पाडायच्या. "एका बाजाराचं मीठ खानारे एका पेटीत मत टाकतीन." पुढं बाजाराच्या जागी सोयरीक आली. पोरी जिथवर देतो, तिथवर आपला मतदारसंघ. असं केलं तर तो बालाघाटपर्यंत जाईल, असं मी म्हणालो.

"मंग जाऊ द्या ना गुरुजी. बालाघाटवाले का वाईट आहेत?"

योजना कोणतीही असो, मुर्री मात्र आमच्यात येई.

हरकती ऐकायला साहेब डाकबंगल्यावर आला, तेव्हा भाऊंनी सोबतीला मला ओढलं. साहेबानं बाजार ऐकला, सोयरीक ऐकली, घड्याळ पाहिलं. "पूरा सूबा छोड़िए. आपको क्या चाहिए?"

"मुर्री," भाऊ म्हणाले.

"क्यों?"

इतके दिवस तोंड न मिटणारा हा माणूस नमस्कार करून उठला. हरकत फेटाळली गेली.

माझी शाळा बुडाली होती. परतताना मी चिडूनच विचारलं, "बोलला का नाहीत?"

"तिथं किसन राह्यते."

किसन त्यांचा धाकटा भाऊ. वडिलांच्या वावराची वाटणी झाली तेव्हापासून दोघांत अबोला. लग्नकार्यातही तोंडं दोन दिशांना.

"मागच्या निवडणुकीले दोन्ही गावांची पेटी एकच होती, रांगेत माह्या मागंच होता. म्हने, दादा, ऊन लागून राह्यलं, सावलीत सरक. इतक्या वर्सांत तेवढंच बोलला."

माझा राग कुठल्या कुठं गेला. "मुर्री काय लांब आहे? आत्ताच जाऊ. मी येतो."

"त्याच्या घरी कायले जाऊ? घरी गेलो त हार होते, गुरुजी. रांगेत उभं राहनं सरकारी काम होये."

पुढच्या निवडणुकीत कुडव्याच्या रांगेत भाऊ माझ्या पुढं होते. बाजूलाच आंब्याची सावली होती. मी म्हटलं, "भाऊ, सावलीत सरका."

त्यांनी मागं वळून पाहिलं, मला ओळखलं, आणि तिथंच उन्हात उभे राहिले.